दिवस न भरता झालेली जुळी : चालू-बोलू लागली, आता पुढं काय पाहायचं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. कमी दिवसांच्या बाळांवर इथं बरेच जुने धागे आहेत. मी ते सगळे वाचले. जवळपास सगळे काचेच्या पेटीपासून सुरू होतात आणि पहिल्या वाढदिवसाला संपतात. डिस्चार्ज झाला, वजन वाढलं, बसलं, चाललं, छान झालं. त्यापुढचं कुणी लिहीत नाही. माझी जुळी आता आठ वर्षांची आहेत आणि मला ठामपणे म्हणायचं आहे की अशा लेकरांकडं शाळेत गेल्यावर पुन्हा एकदा नीट बघावं लागतं, आणि दोघांकडं वेगवेगळं बघावं लागतं.

आधी आमची माहिती, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल. आम्ही सेलूचे. २९ आठवड्यांनाच कळा सुरू झाल्या. परभणीला इंजेक्शनं देऊन, १०८ नं संभाजीनगरला हलवलं, तिथं बाळंतपण झालं. मुलगा ११५० ग्रॅम, मुलगी ९८०. जन्म डिसेंबरातला, दिवस भरले असते तर फेब्रुवारी संपत आला असता. दोघांना श्वासासाठी सीपॅप लागला, मुलाला काही दिवस व्हेंटिलेटरही. टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी केली तेव्हा मुलाच्या मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला इजा झालेली दिसली. मुलीची सोनोग्राफी स्वच्छ आली. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर मात्र रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत होत्या म्हणून लेसर केलं.

त्या दिवसापासून घरात, नातेवाइकांत आणि दवाखान्यातसुद्धा एक ठरून गेलं : मुलगा जपायचा, मुलगी ठणठणीत.

मुलाला दोन्ही पायांचा स्पास्टिक डायप्लेजिया आहे. टाचा टेकत नव्हत्या, उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे. अडीच वर्षांचा होऊन गेला तेव्हा चालला. पायात प्लास्टिकचे स्प्लिंट घालतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते घालणं म्हणजे शिक्षा आहे, घामानं पट्ट्याखालची कातडी लाल होते. आम्ही सुती मोजे उलटे करून घालतो, म्हणजे शिवण टोचत नाही, आणि दुपारी शाळेतून आल्या आल्या काढून अर्धा तास पाय मोकळे ठेवतो. बोलणं, पाठांतर, गणित यांत तो वर्गात पुढं आहे.

मुलगी चौदाव्या महिन्यात चालली. बोलणं थोडं उशिरा आलं, पण आलं. गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचते. दुसरीत गेल्यावर वर्गशिक्षिकांनी मला बोलावून तिची वही दाखवली. फळ्यावरून उतरवताना ती प्रत्येक अक्षराला मान वर करते. ‘पाऊस’ लिहायला तीनदा फळ्याकडं बघते. काना एका ओळीत, अक्षर दुसऱ्या ओळीत. वजाबाकी तोंडी येते, वहीत उभी मांडायला सांगितली की एकक-दशकाचे रकाने सरकतात आणि उत्तर चुकतं. घरी पाहिलं तर बुटाची लेस, वेणीचा पेड, चेंडू झेलणं, काहीच जमत नव्हतं. उंबऱ्याला ठेच रोजची. घरात सगळे म्हणायचे, धांदरट आहे.

तपासण्या केल्या. बुद्ध्यांक तिच्या वयाला साजेसा आहे. पण डोळ्यानं पाहिलेलं हातानं उतरवणं, एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून काम करणं आणि कामाचा वेग, या तिन्हींत ती बरीच मागं आहे. हालचालींच्या समन्वयाची अडचण आहे, त्याला डीसीडी म्हणतात असं सांगितलं. हे सगळं तिच्या लवकर जन्माशी जोडलेलं असू शकतं, हेही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिचं शेवटचं फॉलोअप दोन वर्षांची असताना झालं होतं. ‘आता यायची गरज नाही’ असं कार्डावर लिहून दिलं होतं.

ज्यांची लेकरं पाच-सहाच्या पुढं गेली आहेत त्यांनी लिहा. काय दिसलं, कोणत्या वयात दिसलं, कोणी लक्षात आणून दिलं? जुळी नसली तरी चालेल.

बालाघाट_७

राम राम ताई. आमचे लेकरं आजून लहान आहेत, पाच महिन्याचे. ३१ आठवड्याला झाले, दोन्ही पोरंच. एकाची मान धरायलीय, दुसरा आजून धरीना. आई म्हणती घाबरू नको, तू बी उशिरा धरली होती. माझी अडचण अशी की मी केजकडचा, ट्रॅक्टर साखर कारखान्यावर ऊस वाहायला लावलेला हाय. दिवाळी झाली की निघावं लागतं ते उन्हाळ्याच्या तोंडाला वापस. मंडळी आन् लेकरं संगं न्यावं का गावात ठेवावं? तारखा सगळ्या हंगामातच येतात. आन् महिने कुठून मोजायचे ते पण सांगा, कार्डावर एक हाय, डॉक्टर दुसरंच बोलतेत.

डॉ_मांजरा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, लातूर भागात काम करतो. लेकरू समोर नसताना निदान सांगणार नाही, सर्वसाधारण जे पक्कं आहे तेवढं लिहितो.

बालाघाट, पहिल्यांदा तुमचं. ४० आठवड्यांतून ३१ वजा करा. नऊ आठवडे, म्हणजे दोन महिने. पाच महिन्यांतून ते काढले की तुमची मुलं विकासाच्या हिशेबानं साधारण तीन महिन्यांची आहेत. मान, हसू, बसणं, चालणं हे सगळं या वजा केलेल्या वयानं बघायचं, दोन वर्षांपर्यंत. लस मात्र जन्मतारखेनंच द्यायची. कमी दिवसांचं आहे म्हणून लस लांबवणारे पालक मला दर महिन्याला भेटतात, आणि याच बाळांना संसर्गाचा धोका जास्त असतो.

तीन महिन्यांना मान पूर्ण धरली नाही तर एवढ्यानं घाबरू नका. पण त्या दुसऱ्या बाळाची मूठ सतत आवळलेली, अंगठा आत दुमडलेला, लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, किंवा एकच हात हलवतो, असं काही दिसलं तर वाट पाहू नका. आजी म्हणतात तशी काही मुलं खरोखर उशिरा धरतात. हात लावून ताठरपणा जाणवतोय का हे बघितल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

डोळ्यांची तपासणी झाली का? ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोच्या आतल्या प्रत्येक बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासायलाच हवा, २८ आठवड्यांच्या आतलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहेरून डोळा सुंदर दिसतो आणि आत पडदा सुटत चाललेला असतो. लेसर किंवा डोळ्यात द्यायचं इंजेक्शन यांची वेळ काही दिवसांचीच असते. झाली नसेल तर उद्याच जा. कानाचंही तसंच. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळाला ओएई ही कानाची साधी चाचणी पुरत नाही, कानापासून मेंदूपर्यंतची नस तपासणारी बेरा करून घ्या. ऐकू कमी येतंय हे तीन महिन्यांच्या आत कळलं आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर भाषा येण्यात मोठा फरक पडतो.

कारखान्याचं. माझं स्पष्ट मत, हे पहिलं वर्ष बाळांना आणि आईला गावात ठेवा. ते शक्यच नसेल तर डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड यांचे सगळ्या पानांचे फोटो तुमच्या आणि बायकोच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या तारखा कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात पूर्ण करता येतात. लोहाचे थेंब आणि ड जीवनसत्त्व बंद करू नका. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, चुलीच्या धुराजवळ झोपवू नका, या बाळांची फुप्फुसं नाजूक असतात.

दुधनाकाठ, तुमच्या मुलीबद्दल सविस्तर लिहितो, थोडा वेळ द्या.

नातवंडांची_आजी

मी अंबाजोगाईची. माझ्या लेकीचे जावळे, सातव्यात झाले. आता चौथीत आहेत. त्यायच्या येळी लेकीला हिवाळ्यात बाळंतपण, आन् मी चाळीस दिवस शेक-शेगडी, ओव्याची धुरी करायची तयारी केलेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आजी, धुरी बिलकूल नको, घुटी नको, मधाचं बोट नको. त्याऐवजी छातीशी उघडं बांधायचं सांगितलं, कातडीला कातडी. एक लेकीच्या छातीशी, एक जावयाच्या. जावई पयल्या दिवशी लाजला, मग तोच सोडीना. मी बी बांधलं. सत्तर वर्साच्या म्हातारीच्या छातीशी बी लेकराला ऊब लागती.

तेलाची मालिश मी केली, पर हलक्या हातानं, डॉक्टरला इचारून. जोरानं अंग वळवायचं, पाय डोक्याला लावायचे, ते केलं न्हाई.

डॉ_मांजरा

आजी, तुमच्यासारख्या चार आजी प्रत्येक तालुक्यात हव्यात.

छातीशी बांधायची ही पद्धत, कांगारू मदर केअर, १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथल्या सरकारी रुग्णालयात पेट्या पुरत नव्हत्या. त्यात वाढवलेली मुलं वीस वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा शाळेतली गैरहजेरी, अतिचंचलपणा आणि आक्रमकपणा त्यांच्यात कमी आढळला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मानंतर लगेच सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास करा. जुळ्यांना दोन छात्या लागतात, म्हणून बाप, आजी, मावशी सगळे चालतात.

आता दुधनाकाठ यांच्या मुलीबद्दल.

३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बहुसंख्य मुलांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींत येणारी अडचण, तुमच्या मुलाचा डायप्लेजिया हा तिचाच एक प्रकार) होत नाही, शंभरात नव्वदहून जास्त मुलांना नाही. त्यामुळे चालायला लागलं की पालक आणि डॉक्टर दोघंही सुटल्यासारखे होतात. पण शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची घडी पडते, वेगवेगळ्या भागांना जोडणारे तंतू वाढतात, त्यांच्यावर आवरण चढायला लागतं. हे काम गर्भाशयाऐवजी उजेडात, आवाजात, सुयांच्या टोचणीत झालं की सोनोग्राफीत काहीही न दिसता जोडणी थोडी वेगळी होते. त्याचा परिणाम दुसऱ्या वर्षी दिसेल असं नाही. जेव्हा फळ्यावरून उतरवायचं, सूचना लक्षात ठेवायची, रकाने सांभाळायचे, वेळेत संपवायचं अशी मागणी वाढते तेव्हा तो दिसतो. म्हणजे पहिली ते चौथी. गणित, लक्ष टिकणं, कामाचा वेग, हाताचं कौशल्य हे ठरलेले भाग आहेत. लक्ष टिकत नसलं तरी ही मुलं धिंगाणा घालतीलच असं नाही, बरीच मुलं गप्प बसून खिडकीबाहेर बघतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा ती १९ वर्षांची होईपर्यंत केला गेला, एपिक्युअर नावानं. तुमच्या मुलांपेक्षा ती बरीच लवकर जन्मलेली होती, म्हणून ते आकडे इकडं लावू नका. पण एवढा लांबचा पाठपुरावा का करावा लागतो हे त्यातून जगाला पटलं. आपल्याकडं अजून कार्डावर ‘दोन वर्षांनी बंद’ लिहितात. माझ्या मते शाळेत घालण्याआधी एक आणि दुसरी-तिसरीत एक, अशा दोन तपासण्या प्रत्येक अशा मुलाच्या व्हायला हव्यात, चालत असो वा नसो.

मुलीचे डोळे पुन्हा तपासा. लेसर झालेल्या डोळ्यांना मायनस नंबर आणि तिरळेपणा पुढं बऱ्याचदा येतो. फळा नीट दिसतो का हे आधी बघायचं आणि मग बाकीचं. मुलाच्या बाबतीत खुब्याचे एक्स-रे ठराविक काळानं होतायत ना? डायप्लेजियात खुबा हळूहळू बाहेर सरकू शकतो आणि मूल तक्रार करत नाही.

दुधनाकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. डोळ्यांचं झालं, तिला मायनस अडीच नंबर निघाला. चष्म्यानं फरक पडला पण वहीतला गोंधळ पूर्ण गेला नाही. खुब्याचा एक्स-रे दोन वर्षांपूर्वीचा आहे, तो आता करून घेते.

गोदातीर_फिजिओ

नांदेडहून लिहिते. लहान मुलांसोबतच काम करते.

उंची भरभर वाढते त्या काळात मुलाच्या पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू पुन्हा आखडतील. हाड वाढतं, ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाही. काल चालणारं मूल आज पुन्हा टाचा उचलायला लागतं आणि घरचे म्हणतात व्यायामाचा उपयोग नाही. स्प्लिंट लहान झाला का, पोटरीत बोटॉक्सची, म्हणजे ताठर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची, गरज आहे का, हे तेव्हा विचारायचं. घरी जमिनीवर इंग्रजी डब्ल्यूसारखे पाय मागं टाकून बसत असेल तर मांडी घालून किंवा छोट्या पाटावर बसवा.

मुलीसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठा, आमचं फिजिओंचं काम तिथं कमी. तोवर घरात करण्यासारखं भरपूर आहे. तुरीच्या शेंगा सोलणं, कणीक मळणं, पोळपाटावर बोटभर लाट्या करणं, सुईत लोकरीचा दोरा ओवणं, दोरीवर चिमट्यांनी कपडे अडकवणं. लेस बांधायला शिकवताना शेवटची पायरी आधी तिच्याकडून करून घ्या : तुम्ही सगळं बांधा, फक्त शेवटचं ओढणं तिचं. मग त्याआधीची पायरी. पूर्ण झाल्याचा आनंद तिला पहिल्या दिवसापासून मिळतो.

लहान बाळांच्या पालकांसाठी एक. आजोबांच्या काळातला लाकडी पांगुळगाडा, ज्याला धरून उभं राहून मूल ढकलतं, आणि बाजारात मिळणारा बसायचा चाकांचा वॉकर, हे दोन वेगळे आहेत. बसायच्या वॉकरमध्ये मूल चवड्यांनी ढकलत राहतं. पायात ताठरपणा असलेल्या मुलाला तीच सवय नको असते. पांगुळगाडाही टाचा टेकायला लागल्यावर, थेरपिस्टला विचारून.

पिवळी_ज्वारी

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझे दोन्ही मुलगे ३२ आठवड्यांचे, आता सातवीत. अक्षर दोघांचंही खराब, एकाचं गणित कच्चं. पण आमच्या गल्लीत नऊ महिने पूर्ण झालेल्या मुलांचंही तेच आहे. प्रत्येक गोष्टीला जन्माच्या आठवड्यांशी जोडलं आणि मुलाला एक नाव चिकटवलं की ते मूल स्वतःला तसंच समजायला लागतं. शिक्षकही हात सैल सोडतात. सराव, शिस्त आणि वेळ, यातून बरंच सुटतं. माझा अनुभव तरी तो आहे.

शाळेतल्या_बाई

हिंगोली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. पिवळी_ज्वारी, तुमची काळजी समजते, कारण ‘ते पोरगं असंच आहे’ म्हणून मागच्या बाकावर सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत. पण निदान नव्हतं म्हणून मार खाल्लेली मुलं त्याहून जास्त पाहिली. आळशी, धांदरट, लक्ष नाही, मुद्दाम करतो, हीसुद्धा नावंच आहेत आणि ती फार लवकर चिकटतात.

मी वर्गात काय करते ते सांगते. अशा मुलाला पहिल्या बाकावर, फळ्याच्या समोर बसवते, खिडकीच्या कडेला नाही. फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी शेजारी पुस्तक उघडं ठेवून त्यातून लिहायला देते, मान वर-खाली करावी लागत नाही. गणिताला मोठ्या चौकटीची वही, प्रत्येक अंकाला एक चौकट. दहा उदाहरणांऐवजी पाच. एका वेळी एकच सूचना. उत्तर तोंडी येत असेल तर तोंडी घेते आणि तसं नोंदवते. यात शाळेला एक रुपया खर्च नाही.

आणि मुख्याध्यापकांकडून गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. तालुक्याला नेमलेले असतात, बोलावल्याशिवाय येणं कठीण, कारण शाळा फार. आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाचं, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि लवकर जन्माचं स्वतः तोंडानं सांगा. रांगेत उभ्या शंभर मुलांत त्यांना ते कळणार कसं? त्यांच्यामार्फत जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या विकासाच्या तपासणी केंद्रात, पाठवता येतं. अठरा वर्षांपर्यंत ही सोय आहे.

दुधनाकाठ

पिवळी_ज्वारी दादा, तुमच्या मुलांचं छान चाललंय याचा आनंद आहे. पण माझ्या मुलीकडून आम्ही सराव करून घेतला होता, रोज संध्याकाळी एक पान शुद्धलेखन. ती लिहिताना रडायची आणि रोज तेवढाच वेळ लागायचा. तिला जेव्हा सांगितलं की तुझ्या हाताला आणि डोळ्याला एकत्र काम करायला थोडी वेगळी शिकवणी लागते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे मी ढ नाही ना?’ आठ वर्षांच्या लेकराच्या मनात हे किती दिवस होतं कुणास ठाऊक. मला त्या नावाचं ओझं वाटत नाही, उलट तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

पिवळी_ज्वारी

ताई, हे वाचून थांबलो. धाकट्याला गणितासाठी तपासून घेतो. शाळेतल्या बाईंची चौकटीच्या वहीची गोष्ट आजच करतो.

निलंगेकर_२२

मी स्वतः जुळ्यांमधला एक. ३० आठवडे, दोघं भाऊ. आता बावीस वर्षांचे आहोत. मी डिप्लोमा करून नोकरीला लागलोय, भाऊ बी.एस्सी. करतोय.

माझा एक डोळा तिरळा होता, ऑपरेशन झालं, जाड चष्मा आहे. भावाला एका कानानं कमी ऐकू येतं, ते सहावीत कळलं. तोवर सर त्याला डाव्या बाजूनं हाक मारायचे आणि तो बघत नाही म्हणून शिक्षा व्हायची. मला गर्दीत रस्ता ओलांडताना अजून अंतराचा अंदाज येत नाही, गाडी शिकायला फार वेळ लागला. पण शिकलो.

दुधनाकाठ काकू, एक विनंती. आम्हाला लहानपणी एकच प्रश्न सगळे विचारायचे, ‘तुमच्यात हुशार कोण?’ पाहुणे, शिक्षक, दुकानदार, सगळे. माझ्या आईनं घरात तो प्रश्न बंद केला होता. कुणी विचारलं की ती त्या माणसाला थेट सांगायची, असं विचारू नका. आज आम्हा भावांचं एकमेकांशी जे घट्ट आहे त्यात तिच्या त्या बोलण्याचा मोठा हात आहे.

डॉ_मांजरा

निलंगेकर, तुमच्या वयाला एक सांगतो. फार लवकर जन्मलेल्यांचा रक्तदाब तरुणपणी इतरांपेक्षा थोडा जास्त असण्याची शक्यता असते. दोघांनीही वर्षातून एकदा मोजा, आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलात की जन्माचे आठवडे सांगा. मोठ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तंबाखू-सिगारेट तर तुमच्या फुप्फुसांना अजिबात चालणार नाही.

चाफा_वसमत

मी सगळा धागा वाचत होते, लिहू की नको असं झालं होतं. आमच्या जुळ्यांतली एक सहाव्या दिवशी गेली. दुसरी आता साडेपाच वर्षांची आहे. प्रत्येक वाढदिवसाला घरात कुणीतरी म्हणतं की ती असती तर एवढीच असती. माझ्या या मुलीला ते सगळं कळतं. परवा तिनं विचारलं, ‘ती माझ्यामुळं गेली का, मी जास्त जागा घेतली का?’ मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. कुणी यातून गेलंय का?

नातवंडांची_आजी

माय, तिला जवळ घे आन् सरळ सांग, न्हाई, तुझ्यामुळं न्हाई. तिची तब्येत लई नाजूक होती. एकदा सांगून भागत न्हाई, ती फिरून इचारंल, तू फिरून तेच सांग. आन् घरच्यांना म्हणावं, गेलेलीची आठवण काढायची तर तिच्या येगळ्या दिवशी काढा, हिच्या वाढदिवसाला न्हाई.

दुधनाकाठ

चाफा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आजींनी सांगितलंय तेच खरं. शाळेत समुपदेशक असतील तर मुलीसोबत तुम्हीही बोला, तुमचंही दुःख तसंच राहून गेलेलं असेल. मला वैयक्तिक निरोप पाठवा, बोलू.

शाळेतल्या_बाई

एक विषय राहिला, पहिलीत कधी घालायचं. आपल्याकडं डिसेंबरअखेर सहा पूर्ण असा हिशेब धरून प्रवेश देतात. दुधनाकाठ यांची मुलं जन्मतारखेनं डिसेंबरात बसतात, दिवस भरून जन्मली असती तर पुढच्या वर्षीच्या तुकडीत गेली असती. अशा मुलांना एक वर्ष थांबवणं मला योग्य वाटतं. तुम्ही काय केलंत?

दुधनाकाठ

थांबवलं, दोघांनाही. मुलगा तसा तयार होता, पण एकाला पुढं आणि एकीला मागं केलं असतं तर घरात रोज तोच विषय झाला असता. वर्ग एक, तुकड्या मात्र वेगळ्या घेतल्या. एकाच तुकडीत होते तेव्हा तो तिची उत्तरं द्यायचा, तिच्या वतीनं बोलायचा, आणि त्याचं दप्तर ती त्याच्या पाठीवरून उतरवायची, असं दोघांचं सगळं वाटून चालायचं. वेगळे झाल्यावर ती वर्गात स्वतः हात वर करायला लागली. ज्या गावात एकच तुकडी आहे तिथं निदान बाक वेगळे ठेवा.

कागदांचं पण लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंय. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात ओपीडीतल्या थेरपीचा खर्चही धरतात. बिलं मूळ आणि तारखेसह सांभाळा. थेरपीवाल्यांकडून प्रत्येक वेळी सहीची पावती मागून घ्या, महिन्याअखेर एकदम मागितली की मिळत नाही.

बालाघाट_७

डॉक्टरसाहेब, जिल्ह्याला जाऊन आलो. डोळ्याची तपासणी एनआयसीयूत झालेली निघाली, कार्डाच्या मागच्या पानावर लिहिलेलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण भरल्यात म्हणाले. कानाची बेरा बाकी, तारीख घेतली. धाकट्याच्या पायात थोडा ताठरपणा हाय म्हणतेत, व्यायाम शिकवलेत, महिन्यानं बोलावलंय. मंडळी आन् लेकरं औंदा गावात राहतील, आई संगं हाय. मी एकटा जातो. एकच इचारतो, व्यायाम दिवसातून किती येळा करावा? बायको म्हणती दूध पाजायचं, झोपवायचं, दोघांचं करता करता दिवस जातो.

गोदातीर_फिजिओ

वेगळा वेळ काढायला सांगू नका त्यांना. लंगोट बदलताना दर वेळी मांड्या हलक्या हातानं बाहेरच्या बाजूला उघडायच्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायच्या. कडेवर घेताना पाय कमरेच्या दोन बाजूंना टाकून घ्यायचं, दोन्ही पाय एकत्र आवळून नाही. जागा असताना, आणि कुणीतरी समोर असताना, दिवसातून चार-पाच वेळा पोटावर पालथं, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं. दोघांना समोरासमोर पालथं घाला, एकमेकांना बघायला मान आपोआप वर येते. झोपवायचं मात्र कायम पाठीवर. तुम्ही कारखान्यावरून व्हिडिओ कॉल करता तेव्हा फोन त्यांच्या समोर, डोळ्यांच्या थोडा वर धरायला सांगा आणि आवाज द्या, तोही व्यायामच आहे. पुढच्या तारखेला शिकवलेलं करून दाखवा, काही बदलायचं असेल तर ते सांगतील.